सीरममधला मेद आणि एफएएसएनचा अडथळा: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून वही सुरू. प्रश्न कागदावर एका ओळीचा आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमधले मेद बनवणारे आणि मेद जाळणारे एन्झाइम अडवले, तर त्यांची वाढ थांबते का?

निरोगी शरीरातल्या बहुतेक पेशी मेदाम्लं रक्तातून आयती घेतात. नव्याने बनवण्याचं काम मुख्यतः यकृत, चरबीच्या ऊती आणि दूध येण्याच्या काळात स्तनग्रंथी करतात. गाठींचं तसं नसतं. १९५३ मध्ये मेडीस, थॉमस आणि वाइनहाउस यांनी गाठींच्या कापांना खूण केलेल्या कार्बनचं ग्लुकोज आणि ॲसिटेट देऊन पाहिलं, तेव्हा गाठी स्वतःच मेद बनवत असल्याचं दिसलं. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने आणखी एक धागा जोडला. ज्या स्तनाच्या गाठींचा पुढचा प्रवास वाईट होतो त्यांत ओए-५१९ नावाचा एक रेणू सापडत होता, आणि तो दुसरं तिसरं काही नसून फॅटी ॲसिड सिंथेज, म्हणजे एफएएसएन निघाला.

हा एन्झाइम एका ॲसिटिल-कोएवर सात मॅलोनिल-कोए (दोन्ही मेदाचा कच्चा माल) एकामागून एक जोडतो, त्यासाठी इलेक्ट्रॉन पुरवणारे १४ एनएडीपीएच खर्च करतो आणि शेवटी १६ कार्बनचं पामिटेट हे मेदाम्ल सोडतो. पेशी दुप्पट व्हायची तर आवरणं दुप्पट हवीत, आणि आवरणाला मेद हवा. तेव्हा हा कारखाना बंद केला की पेशी अडणारच, असं वाटतं. बघू.

९ जानेवारी

तीन वाणं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींची तीन कुळं, फ्रीझरमधून काढून वितळवली. एमसीएफ-७ला इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे, एसके-बीआर-३मध्ये हर-२ हे वाढीचा इशारा घेणारं प्रथिन भरमसाट आहे आणि एमडीए-एमबी-२३१मध्ये (पुढे नुसतं २३१) यातलं काहीच नाही. (एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन, आणि ७ म्हणजे सातवा प्रयत्न. आधीचे सहा फसले होते. हे आठवलं की बरं वाटतं.) कुणीतरी फ्रीझरमधल्या एमडीए-एमबी-४३५च्या कुप्याही घ्यायला सुचवल्या. नको. ते वाण वर्षानुवर्षं स्तनाचं म्हणून वापरलं गेलं, आणि आनुवंशिक ओळख तपासल्यावर त्वचेच्या मेलॅनोमाचं ठरलं.

औषधांचे स्टॉक डीएमएसओ या द्रावकामध्ये केले: सी७५, ऑर्लिस्टॅट, टोफा, एटोमॉक्सिर. पहिली दोन एफएएसएनसाठी, टोफा त्याच्या एक पायरी आधीच्या, मॅलोनिल-कोए बनवणाऱ्या एसीसीसाठी, एटोमॉक्सिर मेदाम्लं जाळायला मायटोकाँड्रियात नेणाऱ्या सीपीटी-१साठी. ऑर्लिस्टॅट म्हणजे वजन कमी करण्याची तीच गोळी, आतड्यातला लायपेज अडवणारी. ती एफएएसएनच्या थायोएस्टरेज भागालाही जाऊन चिकटते. तिच्यातला बीटा-लॅक्टोन पाण्यात टिकत नाही, म्हणून माध्यमात ऐनवेळीच मिसळायची. वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि कंट्रोललाही तेवढंच घालायचं.

१३ जानेवारी

९६ वेलच्या प्लेटमध्ये पेशी पेरल्या. २३१ आणि एमसीएफ-७ प्रत्येकी ५,०००, एसके-बीआर-३ संथ वाढतात म्हणून ८,०००. कडेच्या वेलमधलं पाणी आधी उडतं, तिथे नुसतं पीबीएस (क्षारांचं द्रावण). उद्या औषध, मग ७२ तास थांबणं.

१७ जानेवारी

एमटीटी ही जिवंत पेशींचा अंदाज देणारी रंगाची चाचणी केली. चार तासांनी माध्यम काढलं, जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवले, ५७० नॅनोमीटरला वाचन घेतलं. सी७५च्या वरच्या दोन मात्रांना तिन्ही वाणांत रंग धाडकन उतरला. आलेख इतका देखणा आला की मार्गदर्शक मॅडमना लगेच पाठवला.

उत्तर एका ओळीचं: "पेशी मोजल्यास का?"

१८ जानेवारी

नव्हत्या मोजल्या. आज मोजल्या. त्याच मात्रा, सहा वेलची प्लेट राखीव होती ती ट्रिप्सिनने उचलली, मेलेल्या पेशी रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घातला, हिमोसायटोमीटरच्या काचेवर मोजली. संख्या कमी आहेच, पण एमटीटी सांगत होतं तितकी नाही.

असं का होतं हे खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं. एमटीटी पेशी मोजत नाही. पेशीतले एन्झाइम एनएडीएच-एनएडीपीएचच्या जोरावर पिवळ्या रंगाचं जांभळं करतात, ते आपण मोजतो आणि त्याला पेशीसंख्या म्हणतो. मी ज्या मार्गात पाचर मारते आहे तो मार्गच एनएडीपीएच खातो. म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजायचं तीच मी वाकवत होते. यापुढे मुख्य वाचन प्रत्यक्ष मोजणीचं, आणि एमटीटी फक्त मात्रा चाळण्यासाठी.

२१ जानेवारी

मायकोप्लाझ्मा या पेशींत नकळत वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूचा रिपोर्ट: एमसीएफ-७ पॉझिटिव्ह. बाकी दोन स्वच्छ, पण तिन्ही एकाच हुडमध्ये आणि एकाच बाटलीच्या माध्यमावर होती. सगळं फेकलं. इनक्युबेटर रिकामा करून पुसला, पाण्याची थाळी उकळली. १३ तारखेची प्लेट बाद. मायकोप्लाझ्मा स्वतःही एमटीटीचा रंग बदलतो, त्यामुळे त्या देखण्या आलेखात किती माझं आणि किती त्याचं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

३ फेब्रुवारी

नव्या कुप्या, नवं माध्यम, तपासणी स्वच्छ. दुसरा पॅसेज (पेशी नव्या भांड्यात वाटून वाढवण्याची फेरी).

१० फेब्रुवारी

पुन्हा केलेल्या प्रयोगाची मोजणी. १० टक्के सीरममध्ये सी७५च्या मधल्या मात्रेने एसके-बीआर-३ बऱ्यापैकी अडते, एमसीएफ-७ थोडी, २३१ जवळजवळ ढिम्म. ऑर्लिस्टॅटचं चित्र याच क्रमाचं, पण आणखी फिकं.

हर-२च्या पेशी जास्त अडाव्यात हे अपेक्षेतलंच. हर-२कडून येणारा पीआय३के-एकेटी साखळीचा इशारा एसआरईबीपी-१ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला जागं करतो आणि ते एफएएसएनचं जनुक चालवतं. उलटा धागाही आहे: एफएएसएन अडवला की हर-२चं प्रमाणच खाली येतं, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं आहे. पण २३१ इतकी निवांत कशी?

१२ फेब्रुवारी

घोडं कुठे पेंड खातंय ते बहुधा कळलं. कारखाना बंद केला, पण कोठार उघडंच ठेवलं.

माध्यमात १० टक्के गाईच्या गर्भाचं सीरम आहे. त्यात अल्ब्युमिनला चिकटलेली मेदाम्लं आहेत, लिपोप्रोटीन आहेत, कोलेस्टेरॉल आहे. पेशीला पामिटेट बनवता आलं नाही तर ती समोरचं उचलते. सीडी३६सारखे वाहक आहेतच तिच्याकडे. मी आजवर तपासलं ते "एन्झाइम अडवला तर काय होतं" हे नव्हतंच. तपासलं ते "एन्झाइम अडवला आणि ताट वाढून ठेवलं तर काय होतं" हे. आणि या क्षेत्रातल्या कितीतरी आलेखांखाली सीरमबद्दल फक्त "१० टक्के" एवढंच लिहिलेलं असतं. माझ्याही.

१९ फेब्रुवारी

शीतपेटीत कोळशाने गाळलेलं सीरम होतं, तेच वापरलं. घाई केली. एमसीएफ-७ औषधाविनाच रोडावली, कंट्रोलसुद्धा.

कारण उघड आहे. कोळसा मेद थोडाफार काढतो, पण त्याचं खरं काम स्टिरॉइड काढणं. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, गेलं, आणि एमसीएफ-७ची वाढ तर त्यावर चालते. मी मेद काढायला गेले आणि हॉर्मोन काढून बसले. त्यात माध्यमात फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग होता, आणि तो मंद इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे १९८६ पासून माहीत असलेलं. म्हणजे हॉर्मोन पूर्ण काढलं असंही नाही. धड ना इकडे, धड ना तिकडे.

२४ फेब्रुवारी

नवी मांडणी ठरवली. बाटल्या तीन: पूर्ण सीरम, मेद काढलेलं सीरम, आणि मेद काढलेल्या सीरममध्ये मेद परत घातलेलं. तिन्हीत फिनॉल रेड नाही, आणि तिन्हीत इस्ट्रॅडिऑल सारख्याच मात्रेत वरून घातलेलं. सीरमचा लॉट, म्हणजे खेप, एकच. मेद काढायचं तेही त्याच लॉटमधून, सिलिकाच्या भुकटीवर घोळवून. भुकटी खाली बसवायला सेंट्रिफ्यूजच्या दोन फेऱ्या लागल्या आणि फिल्टर तरीही तुंबला. तीन फिल्टर गेले.

मॅडमनी मांडणी पाहिली आणि तिसऱ्या बाटलीवर बोट ठेवलं. "ही नसेल तर पहिल्या दोघींना अर्थ नाही." मेद काढताना आणखी काय काय निघून गेलं ते आपल्याला माहीत नसतं. मेद परत घातल्यावर पेशी सावरली, तरच दोष मेदाचा.

३ मार्च

महिनाभरातली ही सर्वांत मोठी नोंद.

मेद काढलेल्या सीरममध्ये औषधाविना तिन्ही वाणं वाढतात, जरा संथ, पण नीट. आणि तिथे सी७५ची तीच मधली मात्रा दिली की एसके-बीआर-३ पूर्ण थांबते, एमसीएफ-७ निम्म्याच्या आसपास येते, आणि निवांत असलेली २३१सुद्धा स्पष्ट मागे पडते. पूर्ण सीरमच्या बाटलीत, त्याच दिवशी, त्याच पॅसेजच्या २३१ला काहीही झालेलं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली बॉडिपी या मेदाला चिकटणाऱ्या रंगाने रंगवून पाहिल्या. पूर्ण सीरममधल्या २३१मध्ये हिरवे मेदाचे थेंब दाटलेले. मेद काढलेल्यात विरळ. मेद काढून औषधही दिलं त्यात शोधावे लागतात. हे चित्र पाहताना बरं वाटलं, पण ही एकच फेरी आहे. एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या पॅसेजवर अजून दोनदा.

६ मार्च

पामिटेट तयार करण्याचा दिवस. मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही. सोडियम पामिटेट ७० अंशांना पारदर्शक होतं आणि जरा थंड झालं की पिपेटच्या टोकातच साबण होऊन बसतं. मेदाम्लविरहित अल्ब्युमिन ३७ अंशांना धरून त्यात गरम पामिटेट थेंबाथेंबाने सोडायचं, ढवळत. पहिला घाणा गढूळ झाला. दुसरा जमला. कंट्रोलला नुसतं अल्ब्युमिन, तेवढंच.

१० मार्च

१०० मायक्रोमोलार पामिटेट घातलं, सावरण्यासाठी. २३१ मेल्या. औषधाविनाच्याही.

पामिटेट एकटं आणि जास्त झालं की विषच. २३१मध्ये ते पेशींना आत्मघाताकडे नेतं, आणि सोबत ओलिएट हे असंपृक्त मेदाम्ल असेल तर त्या वाचतात, हे मी स्वतः टिपून ठेवलेलं या वहीच्या मागच्या पानावर सापडलं. संपृक्त मेदाम्ल साठवायला पेशीला थोडं असंपृक्तही लागतं. ते बनवण्यासाठी एससीडी-१ नावाचा आणखी एक एन्झाइम नवव्या कार्बनवर दुहेरी बंध घालतो. त्याच्यावर वेगळा प्रकल्प होईल. इथे फाटा नको.

१७ मार्च

२५ मायक्रोमोलार पामिटेट, सोबत तेवढंच ओलिएट. औषधाविनाच्या पेशी खुशाल.

औषधाच्या वेलमध्ये: सी७५च्या मधल्या मात्रेला एमसीएफ-७ आणि २३१ बऱ्याच सावरल्या. वरच्या मात्रेला मात्र मेद कितीही द्या, कुणीच सावरत नाही. ऑर्लिस्टॅटचंही तेच.

म्हणजे वरच्या मात्रेला जे मरण दिसतं ते मेदाच्या टंचाईचं नाही. सी७५च्या रचनेत एक चपळ मिथिलीन-लॅक्टोन आहे, तो दिसेल त्या थायोलला (प्रथिनांतल्या गंधकाच्या टोकाला) चिकटू शकतो. शिवाय तो सीपीटी-१ला चेतवतो असं एक म्हणणं, आणि पेशीत त्याचा कोएशी जोड होऊन तोच सीपीटी-१ला अडवतो असं दुसरं. ऑर्लिस्टॅटही एकनिष्ठ नाही, सेरिन असलेले कितीतरी एन्झाइम त्याला चालतात. जानेवारीतला माझा देखणा आलेख नेमका या वरच्या मात्रांवर उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२४ मार्च

टोफाची फेरी. हा भाग मला सगळ्यांत जास्त खुणावत होता.

एफएएसएन अडवला की दोन गोष्टी होतात: पामिटेट बनत नाही, आणि त्याचा कच्चा माल मॅलोनिल-कोए साठतो. मॅलोनिल-कोए सीपीटी-१ला दाबतो, म्हणजे मेद जाळणंही थांबतं. मग पेशी कशाने अडते, उत्पादन थांबल्याने की माल तुंबल्याने? २००० सालच्या एका कामात याची सुंदर कसोटी आहे. एसीसी आधीच टोफाने अडवला तर मॅलोनिल-कोए बनतच नाही. पामिटेट दोन्हीकडे शून्य. तरी टोफासोबत सी७५चा मारा सौम्य झाला, म्हणून तिथे दोष साठलेल्या मॅलोनिल-कोएला दिला गेला.

माझ्याकडे पूर्ण सीरममध्ये एसके-बीआर-३चं चित्र त्याच दिशेचं: टोफाने एकट्याने फारसं बिघडत नाही, आणि टोफासोबत सी७५ जरा सौम्य होतं. पण मेद काढलेल्या सीरममध्ये टोफा एकटाही वाढ रोखतो, आणि दोन्ही मिळून काही वाचत नाही. मला हे विसंगत वाटत नाही. ताट वाढलेलं असेल तर तुंबलेला माल हेच दुखणं, आणि ताट रिकामं असेल तर उपासमार त्याच्या वर चढते. दोन्ही म्हणणी आपापल्या बाटलीत खरी असू शकतात. हे माझं मत आहे, मॅलोनिल-कोए मी मोजलेला नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मोजेपर्यंत चर्चेच्या भागात एका वाक्याच्या वर जाऊ नकोस.

१ एप्रिल

वेस्टर्न, म्हणजे प्रथिनं जेलमधून आकारानुसार वेगळी करून त्यांचे पट्टे पाहणं. एफएएसएन सुमारे २७० किलोडाल्टनचा अवाढव्य माणूस. नेहमीच्या जेलमध्ये दारातच अडकतो. ६ टक्क्यांचा जेल, चार अंशांवर रात्रभर ट्रान्सफर. एसके-बीआर-३मध्ये पट्टा ठळक, एमसीएफ-७मध्ये मध्यम, २३१मध्ये सर्वांत फिका. मेद काढलेल्या सीरममध्ये तिन्हींत पट्टा गडद होतो. कोठार आटलं की एसआरईबीपी कारखान्याचे भोंगे वाजवतं, ते इथे डोळ्यांनी दिसलं.

९ एप्रिल

औषधांवर विश्वास उरला नसल्याने एसआय-आरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश गप्प करणारे छोटे तुकडे. एफएएसएनविरुद्ध दोन वेगवेगळे क्रम, एक निरर्थक क्रम कंट्रोलला. प्रोटीन लगेच ओसरत नाही, ७२ तासांनी पट्टा फिका झाला. पूर्ण सीरममध्ये २३१ला फरक नाही. मेद काढलेल्यात वाढ मंदावली. पामिटेट-ओलिएटने जवळपास पूर्ण सावरली. दोन्ही क्रमांत तेच. १७ मार्चच्या अर्धवट सावरण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ.

१० एप्रिल

एमसीएफ-१०एवर, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या पेशींवर, काही कर असं समितीत सुचवलं गेलं. केलं, पण त्यांना घोड्याचं सीरम, ईजीएफ, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि कॉलरा टॉक्सिन लागतं. दोन वेगळ्या माध्यमांतल्या पेशी शेजारी ठेवून "निरोगी पेशींना काही होत नाही" असं मी लिहिणार नाही. आकडे पुरवणीत.

१६ एप्रिल

एटोमॉक्सिर. १० मायक्रोमोलारला तिन्ही वाणं मजेत. २०० मायक्रोमोलारला तिन्ही मंदावतात. वर्षभरापूर्वी असतं तर मी लिहिलं असतं: "मेद जाळणं थांबवल्याने वाढ थांबते."

२०१८ मध्ये बीटी-५४९ या स्तनाच्या पेशींवर नेमकं हेच उलगडून दाखवलं गेलं. १० मायक्रोमोलारलाच मेद जाळणं सुमारे ९० टक्के बंद होतं आणि वाढीला धक्का लागत नाही. २०० मायक्रोमोलारला औषध मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या कॉम्प्लेक्स-१लाही धरतं. गंमत म्हणजे त्याच कामात सीपीटी-१चं जनुक दाबल्यावर पेशी खरोखरच मंदावल्या, पण मेद जाळण्याशी संबंध नसलेल्या कारणाने. औषधाने एक उत्तर, जनुकाने दुसरं, आणि दोन्ही एकाच एन्झाइमबद्दल. माझ्या आलेखातून २०० मायक्रोमोलारचे बिंदू काढले नाहीत, पण शेजारी कारण लिहिलं.

२३ एप्रिल

आज प्रयोगाच्या टेबलावर काम नाही, वाचन. २०२१ मधलं एक काम दोनदा वाचलं: हर-२ असलेल्या स्तनाच्या गाठी मेंदूत रुजल्या की त्यांना एफएएसएनची गरज जास्त भासते, कारण मेंदूत त्यांना बाहेरून मेद कमी मिळतो. म्हणजे माझी दोन नंबरची बाटली निव्वळ प्रयोगशाळेतली करामत नाही. शरीरात अशी ठिकाणं आहेत. आणि स्तन स्वतः तर चरबीने वेढलेला, तो एक नंबरच्या बाटलीजवळचा. टीव्हीबी-२६४० हे एफएएसएन अडवणारं औषध पॅक्लिटॅक्सेल (केमोथेरपी) आणि ट्रॅस्टुझुमॅब (हर-२विरोधी औषध) यांच्यासोबत हर-२च्या पसरलेल्या रोगात माणसांवर तपासलं गेलं आहे. हात-पायांची त्वचा सोलणं आणि डोळे कोरडे पडणं हे त्याचे ठळक त्रास. त्वचा आणि अश्रू, दोन्हींना स्वतःचा मेद लागतो. औषध आपल्या नेमावर बसतंय याचीच ती खूण म्हणायची, भोगणाऱ्याला मात्र महाग.

३० एप्रिल

तिसरी फेरी संपली. एसके-बीआर-३ आणि २३१चे तिन्ही निकाल जुळतात. एमसीएफ-७ची एक फेरी फटकून आहे. त्या आठवड्यात इस्ट्रॅडिऑलचा स्टॉक बदलला होता, तो पुन्हा तपासायचा.

आलेखांखालच्या ओळी लिहिल्या. पहिल्या मसुद्यात सवयीने "१० टक्के सीरम" लिहून गेले होते. खोडून कोणतं सीरम, कोणता लॉट, मेद कसा काढला, काय परत घातलं, ते लिहिलं. ओळ चार ओळींची झाली. मॅडमनी ती कापली नाही. उरलेलं सीरम आठ नळ्यांत वाटून, झाकणावर लॉट लिहून, उणे वीसमध्ये ठेवलं.